पहिल्यांदाच डॉग शो बघायला निघालाय? मग एवढं वाचून जा

कोल्हापूर : शिवाजी पेठेतलं गांधी मैदान असो की तालुक्याचं ठिकाण, श्वान प्रदर्शन म्हटलं की गर्दी ठरलेली. जाण्याआधी या गोष्टी ध्यानात ठेवा.

निकाल कसा लागतो? परीक्षक प्रत्येक कुत्रं त्याच्या जातीच्या ठरलेल्या मापदंडाशी ताडून बघतात. दात, पायांची ठेवण, चाल, सगळं तपासतात. आपला कारवानीही याच कसोटीला उतरावा लागतो.

हात लावण्याआधी मालकाला विचारा. पोरांचा हात सोडू नका. चावलंच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि थेट सीपीआर किंवा जवळचा सरकारी दवाखाना गाठा. हळद, चुना लावत बसू नका.

लस पूर्ण न झालेलं पिल्लू सोबत नेऊ नका. पार्वोचा विषाणू चपलेला चिकटूनही घरी येतो. म्हणून चपला बाहेर काढा, हातपाय धुवा, कपडे बदला, मगच घरच्या पिल्लाला उचला.

पिल्लू आवडलं म्हणून तिथंच बयाणा देऊ नका. केनेल क्लब ऑफ इंडियाचा नोंदणी कागद, मायक्रोचिप नंबर, लसीचं कार्ड मागा. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही.