सरकता पाट आणि लाकडी वीट

पुण्याजवळच्या हिंजवडीतल्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा माणच्या हद्दीत येतो. इथला नोकरदार दिवसभर संगणकासमोर बसतो आणि संध्याकाळी हिंजवडीच्या कोंडीत, पुन्हा बसूनच, अडकतो. कंबर धरली की कुणीतरी त्याला पिलाटेस हा व्यायामप्रकार सुचवते. स्टुडिओत शिरल्यावर दिसतात पट्टे, दांड्या आणि स्प्रिंगा, माणूस बिचकणारच.

या यंत्रांचा कर्ता जोसेफ पिलाटेस १८८३ साली जर्मनीत जन्मला. लहानपण दमा आणि मुडदूस यांत गेले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी त्याला आइल ऑफ मॅनवरच्या छावणीत डांबले. तिथे आजाऱ्यांच्या खाटांना स्प्रिंगा बांधून त्याने व्यायाम करवला, असे सगळेच सांगतात; पुरावा मात्र तोकडा आहे. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्याने यंत्रे घडवली.

त्यातले मुख्य रिफॉर्मर. लांबट चौकटीत चाकांवर सरकणारा पाट, त्याला खालून स्प्रिंगा, एका टोकाला पाय टेकवायची दांडी, दुसरीकडून हातापायांत अडकवायचे पट्टे. वजन उचलताना भार तेवढाच राहतो. स्प्रिंग जितकी ताणाल तितकी जास्त ओढते. खरी परीक्षा परतीच्या वाटेवर असते. पाट आदळू न देता सावकाश आणायचा, म्हणजे स्नायूंना लांब होता होताच काम करावे लागते. जास्त स्प्रिंगा म्हणजे जास्त अवघड, हे नेहमीच खरे नाही. पायांनी पाट ढकलताना ते खरे. पण हात दांडीवर आणि पाय पाटावर ठेवून शरीर फळीसारखे धरले, की स्प्रिंगा कमी केल्यावर पाट पळू लागतो आणि पोटाची कसोटी लागते.

बाकीच्या यंत्रांपैकी कॅडिलॅक म्हणजे डोक्यावर लोखंडी सांगाडा असलेला पलंग, वुंडा चेअर म्हणजे स्प्रिंगचे पायडल लावलेली पेटीवजा खुर्ची. पाठ मागे वळवायला शिडी जोडलेले बॅरल असते.

माणपासून शिवाजीनगरपर्यंत मेट्रोमार्ग आखला आहे. शिवाजीनगरहून जवळच, मॉडेल कॉलनीतल्या एका योगसंस्थेत, साधनांचा दुसरा प्रकार आहे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला पुण्यात आले. तेही लहानपणी आजारांनी खंगलेले. लाकडी विटा, पट्टे, लोड, भिंतीतले दोर, पाठ काढून टाकलेली लोखंडी घडीची खुर्ची: आखडलेल्या माणसालाही आसनात टिकून राहता यावे, म्हणून त्यांनी ही साधने वापरात आणली. १९७५ साली उभी राहिलेली त्यांची ही संस्था आजही या साधनांवर शिकवते. वीट शरीराला आधार देते, तर स्प्रिंग कधी आधार देते, कधी झुंजायला लावते.

माझे मत विचाराल तर घरात रिफॉर्मर आणून त्यावर कपडे वाळत घालू नका. दुखणे जुने असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. मग जिथे जाल तिथल्या शिक्षकाला विचारा, ‘ही स्प्रिंग किंवा ही वीट मला कशासाठी?’ उत्तर धड मिळाले नाही, तर पैसे भरू नका.