कडू औषध आणि त्याचे श्रेय

१५ जुलै १९७९ रोजी अध्यक्ष कार्टर यांनी अमेरिकी जनतेस बजावले की, राष्ट्राचे खरे दुखणे तेलटंचाई नसून आत्मविश्वासाचा ऱ्हास हे आहे. व्हिएतनाम, वॉटरगेट आणि महागाई यांनी पोळलेल्या लोकांना हे निदान प्रथम पटलेही. परंतु दोनच दिवसांत साऱ्या मंत्रिमंडळाने राजीनामे देऊ केले आणि वैद्यावरचाच विश्वास उडाला. पुढच्याच महिन्यात कार्टर यांनी पॉल व्होल्कर यांस मध्यवर्ती बँकेवर नेमले. व्याजदर कडाडले, १९८० मध्ये कार्टर हरले. पुढे बेकारी दहा टक्क्यांवर गेली, मग महागाई ओसरली. श्रेय मात्र रेगन यांच्या पदरी पडले. लोकशाहीत निदान करून भागत नाही. गुण येईपर्यंत रुग्णास धीरही द्यावा लागतो.