'थायरॉईड आहे' म्हणजे कोणता?

वसई-विरारच्या दमट हवेत घाम सगळ्यांनाच येतो. पण शेजारचा पंखा कमी करा म्हणतो आणि आपण निथळत असतो. जेवण वाढूनही कपडे सैल होतात. हात थरथरतात, चहाची कपबशी किणकिणते. रात्री पडल्या पडल्या छाती धडधडते. घरचे म्हणतात, रोजची लोकलची दगदग, वय झालं. तसं असेलही. तरी एकदा रक्त तपासून घ्यावं.

गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. तिचा स्राव शरीराची गती ठरवतो. तो वाढला की सगळ्या शरीराचीच घाई सुरू होते. बहुतेकदा कारण ग्रेव्हज हा आजार. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणाच ग्रंथीला जुंपून ठेवते. बायकांमध्ये तो जास्त आढळतो. काहींचे डोळे पुढे येतात. विडी-सिगारेटने ते आणखी बिघडतात. दुर्लक्ष केल्यास हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात.

आपण नुसतं 'थायरॉईड आहे' म्हणतो, तिथेच घोटाळा होतो. ग्रंथी मंदावली तर थायरॉक्सिन घ्यावं लागतं. ती जोरात असताना शेजारणीची तीच गोळी घेणं म्हणजे आगीत तेल. टीएसएच कमी आणि टी-३, टी-४ जास्त, तर ग्रंथी बहुधा जोरात आहे.

उपाय तीन. कार्बिमाझोलसारख्या गोळ्या साधारण वर्ष-दीड वर्ष घ्याव्या लागतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नयेत. रोजे किंवा उपवास असतील तर वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. मात्र ताप आणि घसादुखी एकदम आली, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्यात.

दुसरा उपाय किरणोत्सारी आयोडीन. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर परळला १९६३ पासून आहे; दादरला गाडी बदलून प्रभादेवीला उतरलं की जवळच. ग्रंथी आयोडीन ओढून घेते, त्यामुळे औषध नेमकं तिथेच पोचतं. त्याचा जोर दर ८ दिवसांनी निम्मा होतो. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या मातांना ते चालत नाही. घेतल्यावर काही दिवस लहान मुलांपासून दूर राहावं लागतं. तिसरा उपाय शस्त्रक्रिया.

आयोडीन किंवा शस्त्रक्रियेनंतर ग्रंथी अनेकदा मंदावते. मग तीच थायरॉक्सिनची गोळी आपली होते. म्हणून जुने रिपोर्ट जपून ठेवा आणि दर वेळी डॉक्टरांना विचारा: माझा थायरॉईड आता कोणता?