चालती मोटार बंद पडल्यास

१ जून १९४८ रोजीं एस. टी. ची पहिली गाडी पुण्याहून आमच्या नगरास आली, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. आतां तर घरोघरीं मोटारी झाल्या, आणि यंदां शाळा सोडणाऱ्यांपैकीं पुष्कळजण अठरावें वर्ष पुरें होतांच परवाना काढतील. मोटार हांकावी कशी हें त्यांस कोणीही शिकवील. पण चालतां चालतां इंजिन थांबलें तर काय करावें, हें बहुधा कोणी सांगत नाहीं.

दोन वर्षांमागें पावसाळ्यांत आम्ही एका स्नेह्यांच्या मोटारींतून पाथर्डीहून परत येत होतों. करंजी घाटाच्या चढणीवर पुढील मालट्रक मंदावला, स्नेही गिअर बदलण्यास चुकले, आणि इंजिन आचका देऊन थांबलें. गडबडून त्यांनीं किल्ली फिरविली ती काढूनच घेतली. गाडी मागें घसरूं लागली. स्टिअरिंगचें चक्र अडकलें. ब्रेक चारपांच वेळां दाबून सोडल्यामुळें तोही दगडासारखा कठीण झाला. शेवटीं आम्ही मध्येंच हात घालून हातब्रेक ओढला. मागच्या ट्रकापासून चार हातांवर गाडी थांबली. मागील बांकावर आमच्या शाळेचीं दोन मुलें होतीं.

ब्रेक बिघडला होता काय? मुळींच नाहीं. पेट्रोलचें इंजिन हवा ओढून घेतें तेव्हां जी निर्वात स्थिति उत्पन्न होते, तिच्या बळावर ब्रेकास साहाय्य मिळतें. इंजिन थांबल्यावरही त्या बळाचा थोडा सांठा उरतो. तो दोनतीन वेळां दाबण्यास पुरतो. पाय पुनःपुन्हां उचलला कीं तो संपतो. त्यानंतरही ब्रेक लागतो, मात्र सारा जोर पायाचा. म्हणून ब्रेक एकदांच, न सोडतां, जोरानें दाबावा. चक्राचेंही साहाय्य जातें. तें जड होतें, पण दोन्ही हातांनीं वळतें. किल्ली काढल्यास मात्र त्यास कुलूप बसतें, म्हणून गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्लीस तेवढ्यासाठीं हात लावूं नये.

सपाट रस्त्यावर क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्यें आणावा, इशाऱ्याचे चारी दिवे लावावे, आणि अंगचा वेग आहे तोंवर डाव्या कडेस जावें. चढणीवर आधीं पायाचा ब्रेक, मग हातब्रेक. इंजिन पुन्हा सुरू करण्याचा यत्न त्यानंतर. तें सुरू न झाल्यास पहिला गिअर टाकून चाकांमागें दगड लावावे. उतारूंनीं डावीकडून उतरून रस्त्यापासून दूर उभें राहावें. गाडीच्या मागें कदापि नव्हे. इशाऱ्याचा लाल त्रिकोण वळणाच्या अलीकडे ठेवावा. आमच्याकडे दगड व फांद्या मांडण्याची चाल आहे, आणि गाडी सुरू होतांच ते दगड तसेच टाकून जाण्याचीही! रात्रीं दुचाकीवरून येणाऱ्याचा विचार कोणाच्या मनांत येत नाहीं.

एका प्रसंगीं मात्र इंजिन सुरू करण्याचा मोह टाळावा. पाणी चढलेल्या पुलावर गाडी बंद पडली तर किल्ली फिरवूं नये. सिलिंडरांत शिरलेलें पाणी हवेप्रमाणें दाबलें जात नाहीं. आंतील दांडाच वांकतो. माणसांनीं प्रथम बाहेर पडावें, गाडी मागाहून ओढून काढतां येते.

कारणें अनेक असतात. जुन्या मोटारींत वैशाखाच्या उन्हानें नळींतल्या पेट्रोलची वाफ होई. पेट्रोलचा पंप टाकींतच असणाऱ्या नव्या गाड्यांत तें दुखणें बहुतेक गेलें. इंजिन अति तापलें असेल तर रेडिएटरचें झांकण तें निवेपर्यंत उघडूं नये, नाहींतर उकळतें पाणी तोंडावर उडतें.

आमच्या स्नेह्यांची मोटार मिस्त्रीनें तपासली. तींत कांहीं दोष निघाला नाहीं. ब्रेकाविषयीं वर सांगितलेलें ज्यांस पडताळून पाहावयाचें असेल, त्यांनीं वडील माणसांच्या देखत सपाट जागीं उभ्या गाडीचा हातब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलमध्यें ठेवून, इंजिन बंद असतां ब्रेक चारपांच वेळां दाबावा. तो कठीण झाला कीं पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करवावें. पायाखालचा ब्रेक किंचित् खालीं जातो.