पोकळीचं वजन

फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या डाव्या तीरावर सोम्युर नावाचं गाव आहे. तिथून प्रवाहाच्या उलट दिशेने चालायला लागलं की दाँपिएर, सूझे, पार्ने, तुरकाँ, मोंसोरो अशी गावं एकामागून एक लागतात, आणि व्हिएन नदी ल्वारला मिळते त्या संगमावर काँद-सँ-मार्तँ येतं. अंतर सगळं मिळून बारा-तेरा किलोमीटर. डाव्या हाताला वाळूची बेटं सांभाळत वाहणारी रुंद नदी. उजव्या हाताला पांढुरका, पिवळसर कडा आणि त्या कड्यात दारं, खिडक्या, पडदे, फुलांच्या कुंड्या. कड्याच्या माथ्यावर द्राक्षमळे. थोडं पुढे गेलं की वेलींच्या रांगांमध्येच धुराडं उभं दिसतं, कारण ज्या घराची ती चूल आहे ते घर मळ्याच्या खाली आहे.

याच सोम्युर परिसरात जमिनीखाली खोदलेल्या बोगद्यांची एकूण लांबी हजार किलोमीटरहून जास्त भरते.

हा आकडा नुसता वाचून कळत नाही, तो चालून पाहावा लागतो. ताशी चार किलोमीटर, दिवसाला आठ तास, म्हणजे रोज बत्तीस किलोमीटर, अशी कडक चाल धरली तर हे बोगदे संपायला महिना लागेल, तोही उजेडाशिवाय. ल्वारच्या खोऱ्याचा जो पट्टा युनेस्कोने २००० साली जागतिक वारशात घेतला, सूली-स्युर-ल्वारपासून शालोन-स्युर-ल्वारपर्यंतचा, त्याची लांबी साधारण २८० किलोमीटर. तो पट्टा त्याच चालीने नऊ दिवसांत संपतो. शांबोर, ब्ल्वा, आँब्वाझ, व्हिलाँद्री, सोम्युर, म्हणजे ज्यांच्यासाठी जगभरातून माणसं येतात ते बहुतेक वाडे या पट्ट्यात किंवा त्याच्या आसपास आहेत. जमिनीवरचं वैभव नऊ दिवसांचं आणि एका गावाच्या आसपासची पोकळी महिन्याची! खुद्द ल्वार, फ्रान्समधली सर्वात लांब नदी, आर्देशमधल्या मोंत जेर्बिए द जोंकच्या पायथ्यापासून अटलांटिकपर्यंत एक हजार सहा किलोमीटर वाहते. नदी जेवढी लांब, निदान तेवढंच तिच्या काठचं पोखरकाम.

पोखरलं ते काय? स्थानिक लोक या दगडाला त्यूफो म्हणतात. साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता. त्याच्या तळाशी सूक्ष्म जीवांची कवचं, स्पंजांच्या सुया, अभ्रकाचे कण, बारीक वाळू साचत गेली आणि तिचा दगड झाला. भूशास्त्रज्ञांनी त्या कालखंडाचं नावच इथल्या तूर शहरावरून ठेवलं : तुरोनियन. हा कालखंड सुमारे चाळीस लाख वर्षं चालला. समजा एखाद्या ठिकाणी त्यूफोचा थर चाळीस मीटर जाड आहे आणि तो या सगळ्या काळात सारख्या गतीने साचला. मग शंभर वर्षांत साचला एक मिलिमीटर. प्रत्यक्षात साचण्याचा वेग कमीजास्त होत राहिला असणार, पण अंदाज यायला एवढा हिशेब पुरतो. कड्यातल्या घराच्या दाराची चौकट दोन मीटर उंच असेल, तर ते दार दोन लाख वर्षांच्या गाळातून कापलेलं आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हारूपाने वाहिला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा ल्वारकाठचा हा दगड अडीच कोटी वर्षांचा जुना होऊन बसला होता.

त्यूफो मऊ. लोखंडी टिकावाने कापता येतो, लाकडी पाचरी ठोकून त्यांवर पाणी ओतलं की फुगलेल्या लाकडाने तो अख्खा चिरा सुटतो, आणि हवेत राहिला की पृष्ठभाग जरा घट्ट होतो. हलकाही तितकाच. कोरड्या घनमीटरचं वजन साधारण एक टन तीनशे किलो. काळ्या पाषाणाच्या निम्म्याहून कमी, कारण आकारमानाचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग त्यात बारीक छिद्रांचाच असतो. गवंड्यांना आवडावं असं सगळं या दगडात आहे. म्हणून अकराव्या शतकापासून पुढे ज्याला कोणाला ल्वारकाठी चर्च, मठ, किल्ला, वाडा बांधायचा होता, त्याने याच डोंगराला हात घातला.

आता वजन काढू. बोगदा सरासरी चार मीटर रुंद, तीन मीटर उंच धरू. सोम्युरच्या कित्येक खाणी याहून मोठ्या आहेत, काही अरुंद आहेत. एका मीटर लांबीमागे बारा घनमीटर दगड निघाला. हजार किलोमीटरमागे एक कोटी वीस लाख घनमीटर. गीझाचा मोठा पिरॅमिड सुमारे सव्वीस लाख घनमीटरचा आहे, म्हणजे असे साडेचार पिरॅमिड या डोंगरांच्या पोटातून बाहेर गेले. वजन दीड कोटी टनांच्या घरात.

हा ढीग गेला नदीने. ल्वारवरच्या लाकडी होड्या सपाट बुडाच्या असत, कारण उन्हाळ्यात नदीला पाणी गुडघाभरही उरत नाही असे पट्टे येतात. खाली नाँत शहराकडे जाताना प्रवाह नेई. परतताना अटलांटिकवरून येणारा पश्चिमेचा वारा मोठ्या चौकोनी शिडात भरून होड्या वर ढकले. प्रवाह एका दिशेला आणि वारा दुसऱ्या दिशेला, अशी सोय फार थोड्या नद्यांना लाभली आहे. एका खेपेला पन्नास टन धरले तर तीन लाख खेपा. नाँतचं कॅथेड्रल याच दगडाचं. त्याचा पाया १४३४ साली घातला गेला आणि काम पूर्ण झालं १८९१ साली. एका इमारतीला चारशे सत्तावन्न वर्षं! दगड हलका असल्यामुळेच त्याची कमान साडेसदतीस मीटर उंच नेता आली.

पण हाच हिशेब उलटा केला की मला तो जास्त थक्क करतो. एक कोटी वीस लाख घनमीटर पाचशे वर्षांत काढले असं धरा, वर्षाला कामाचे दिवस तीनशे. रोजचे निघतात ऐंशी घनमीटर. एका माणसाने दिवसाला अर्धा घनमीटर दगड सोडवला, तर एकशे साठ माणसं. बस्स. दिव्याच्या उजेडात, धूळ छातीत घेत, पिढ्यान्‌पिढ्या काम करणारी एकशे साठ माणसं, म्हणजे एखाद्या लहानशा गावातले कर्ते पुरुष. साडेचार पिरॅमिडांना ना फारो लागला, ना लाखांची फौज. होड्यांचंही तसंच : तीन लाख खेपा पाचशे वर्षांवर पसरल्या की कामाच्या दिवसाला जेमतेम दोन भरतात.

ल्वारकाठी नेहमी सांगितले जातात ते आकडे राजांचे, आणि तेही छोटे नाहीत. पहिल्या फ्रान्स्वाने १५१९ साली शांबोरचं काम सुरू केलं. खोल्या चारशेहून जास्त, शेकोट्या २८२, दर्शनी लांबी १५६ मीटर, आणि मधोमध तो प्रसिद्ध दुहेरी जिना, ज्यावरून एक माणूस चढत असताना दुसरा उतरला तरी दोघांची गाठ पडत नाही. लिओनार्दो दा विंची त्याच वर्षी मे महिन्यात जवळच्या आँब्वाझला वारला. जिन्याची कल्पना त्याची असावी असं पुष्कळांना वाटतं, कागदोपत्री पुरावा नाही. भोवतालचं रान ५,४४० हेक्टर आणि त्याला वेढणारी भिंत बत्तीस किलोमीटर. वर सांगितलेल्या चालीने तिच्याकडेकडेने एक फेरी मारायला पुरा दिवस जाईल.

राजाने बत्तीस वर्षं राज्य केलं आणि शांबोरला तो राहिला सगळे मुक्काम मिळून तीन महिन्यांपेक्षाही कमी. दरबार फिरता होता. राजा निघाला की पलंग, पेट्या, भिंतीवरचे विणलेले पडदे, भांडी, हजारो माणसं आणि घोडे असं सगळं बरोबर निघे, आणि मागे उरे रिकामा दगड. २८२ शेकोट्या असूनही तो वाडा उबदार होणं कठीणच. शांबोरला सर्वात मोलाची वस्ती बहुधा झाली ती १९३९ साली. युद्धाच्या तोंडावर पॅरिसहून लूव्रमधल्या कलाकृतींच्या पेट्या इथे आणल्या गेल्या, त्यांत मोनालिसाही होती.

याउलट कड्यातली घरं. खाणीतून दगड काढून झाला की उरलेली पोकळी फुकट पडून असे. तिच्या तोंडाशी त्याच दगडाची भिंत बांधली, दार-खिडकी बसवली, की घर तयार. छपराचा खर्च नाही, तुळया नाहीत. आत खोलवर वर्षभर तापमान बारा अंशांच्या आसपास, बाहेर हिम पडो की ऊन. खाणकामगार, वेलींवर राबणारे मजूर, होडीवाले अशा घरांत राहिले, आणि नुसते गरीबच नव्हे. सूझेमध्ये कड्याच्या पोटातून जाणारी आख्खी गल्लीच आहे. इंग्लंडची राणी राहिलेली आंजूची मार्गारेट गुलाबांच्या युद्धात नवरा, मुलगा, राज्य सगळं गमावून याच भागात परतली आणि १४८२ साली इथेच वारली. रोशमनिएसारख्या ठिकाणी तर कडाच नाही. तिथल्या शेतकऱ्यांनी सपाट जमिनीत खाली खड्डा खणला, त्याचं अंगण केलं आणि अंगणाच्या चारी भिंतींत घरं कोरली. दुरून पाहणाऱ्याला गाव दिसतच नाही.

एकदा उरलेली पोकळी तिथल्या माणसांनी किती परीने वापरली, याची यादी मला शांबोरच्या खोल्यांपेक्षा मोठी वाटते. खाणींत पांढरी बटण अळिंबी पिकवली गेली. फ्रान्सच्या ताटात जाणाऱ्या अळिंबीचा फार मोठा वाटा एके काळी सोम्युरच्या अंधारातून यायचा. तुरकाँमध्ये कड्यातल्या भट्ट्यांत सफरचंदं सावकाश वाळवून, लाकडी हातोडीने चपटी करून, वर्षानुवर्षं टिकतील अशी केली जात आणि जहाजांवर पाठवली जात. आणि १८११ साली आकरमान नावाच्या तरुणाने या बोगद्यांत फेसाळ वाइन मुरवायला सुरुवात केली. आज सोम्युरच्या वाइनघरांचे बोगदे किलोमीटरच्या भाषेत मोजले जातात. बाटलीत दाब सहा वातावरणांपर्यंत जातो, आणि त्याला हवं असतं न हलणारं तापमान. ते डोंगर फुकट देतो.

माथ्यावरच्या मळ्यांचं गणितही याच दगडाचं. सोम्युर-शांपिन्यी या नावाने वाइन करणारं क्षेत्र साधारण दीड हजार हेक्टर. हेक्टरी साडेचार हजार वेली धरल्या तर सत्तर लाखांच्या जवळ वेली होतात, बहुतेक काबर्ने फ्राँ या जातीच्या. त्यांची मुळं त्यूफोच्या भेगांतून इतकी खाली जातात की बोगद्यांच्या छताला लोंबताना दिसतात. आणि का जाऊ नयेत? दगडाच्या दहा मीटर जाडीत, एका हेक्टरखाली, एक लाख घनमीटर त्यूफो आहे. त्याची चाळीस टक्के छिद्रं भरली तर पाणी होतं चार कोटी लिटर. पार्नेच्या आँत्वान क्रिस्तालने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर मळ्यात भिंतीच बांधल्या आणि त्यांना भोकं पाडली. वेल लावली उत्तरेच्या सावलीत, भोकातून काढली दक्षिणेच्या उन्हात. मुळं गार, घड ऊबदार. ल्वारची दुसरी लाडकी जात शेनिन ब्लाँ. ती गेल्या पंचवीसेक वर्षांत नाशिकच्या मळ्यांतही रुजली आहे, म्हणजे नऊ कोटी वर्षांच्या पांढऱ्या दगडावरून साडेसहा कोटी वर्षांच्या काळ्या दगडावर आली आहे.

या सगळ्या काठाने जाणारी पायवाट म्हणजे फ्रान्सच्या लांब पल्ल्याच्या, खुणा आखलेल्या वाटांमधली पहिली. १९४७ साली ओर्लेआँ ते बोजाँसी हा तुकडा लाल-पांढऱ्या पट्ट्यांनी आखला गेला. आज तीच जीआर ३ नावाची वाट नदीच्या उगमापासून मुखापर्यंत बाराशे किलोमीटरच्या आसपास भरते. नदीपेक्षा वाट लांब, कारण ती मळ्यांत चढते, गावांत शिरते, संगमांना वळसे घालते. तिच्यावर चालताना गावागावांतल्या भिंतींवर कोरलेल्या पूररेषा पाहाव्यात. १८४६, १८५६, १८६६ : बरोबर दहा-दहा वर्षांच्या अंतराने आलेले तीन महापूर. बाराव्या शतकापासून बांधत आणलेले मातीचे बांध त्यांनी ठिकठिकाणी फोडले.

दगडाला पाण्याचं भय वेगळं आहे. त्यूफो पाणी पितो, आणि प्यायला की त्याची ताकद बरीच उतरते. २००१ साली सोम्युरच्या किल्ल्याच्या तटाचा मोठा भाग ढासळला आणि दुरुस्ती कित्येक वर्षं चालली. वाड्यांचे झिजलेले चिरे बदलायला आजही ताजा त्यूफो लागतो, पण चालू खाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. जुन्या खाणींत कामगारांनी छत पेलायला अधूनमधून दगडाचे खांब न कापता सोडले. डोक्यावर वीस मीटर जाडीचा थर असेल, तर दर चौरस मीटरवर कोरड्या दिवसांत सव्वीस टन भार येतो. अर्धी जागा पोकळ केलेली असेल, तर उरलेल्या खांबांवर तो दुप्पट होतो, बावन्न टन. ओल्या हिवाळ्यात वरचा दगड पाणी पिऊन आणखी जड होतो आणि खालचा खांब त्याच पाण्याने दुबळा. म्हणून पावसाळी हंगाम सरला की कड्यातली घरं आणि वाइनघरं सांभाळणाऱ्या माणसांनी दिवा घेऊन खांबाखांबापाशी जायचं, गेल्या वर्षीच्या भेगा रुंदावल्या का ते पाहायचं, आणि जिथे रुंदावल्या असतील तिथे गवंड्याला बोलवायचं.