चित्रफितींतील गणित : पाहणें आणि सोडविणें

मोबाईलच्या पडद्यावर गणिताची चित्रफीत पाहत बसलेलीं मुलें शहरांत दिसतात, तशींच आमच्या जिंतूर तालुक्यांतील बोरी गांवींही दिसतात. ‘हें गणित मीं पाहिलें आहे’ असें मूल सांगतें आणि पालकांचें समाधान होतें. परंतु श्रोतेहो, गणित पाहणें आणि गणित सोडविणें ह्या दोन निराळ्या क्रिया आहेत. त्यांतील अंतर कसें ओलांडावें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

हें अंतर किती मोलाचें असतें पाहा. आर्थिक दृष्ट्या दुर्बल घरांतील हुशार मुलांसाठीं केंद्र सरकारनें २००८ सालीं एक शिष्यवृत्ती योजना काढली. तिची परीक्षा आठवींत असते आणि महाराष्ट्रांत ती पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. निवड झालेल्या विद्यार्थ्यास नववीपासून बारावीपर्यंत दरसाल १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. मजुराच्या घरीं मुलगी शाळेंत राहणार कीं शेतावर जाणार, हें पुष्कळदां एवढ्या रकमेवर ठरतें. ह्या परीक्षेंत बौद्धिक क्षमता व शालेय क्षमता अशा दोन चांचण्या असतात. प्रत्येकींत ९० प्रश्न आणि वेळ ९० मिनिटें. म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. प्रत्येक प्रश्नाखालीं चार पर्याय. शहरांतील मुलांना पुढें ज्या प्रवेशपरीक्षा द्याव्या लागतात, त्यांचा सांचाही बव्हंशीं असाच असतो.

चित्रफितीचा मोठा गुण असा कीं, ती कंटाळत नाहीं. अमेरिकेंतील सलमान खान — हे प्रसिद्ध नट नव्हेत — ह्यांनीं २००४ सालीं दूर राहणाऱ्या आपल्या नात्यांतील एका मुलीस गणित शिकविण्यास आरंभ केला, आणि २००६ पासून ते पाठ यूट्यूबवर ठेवले. तोच पाठ दहा वेळां ऐकला तरी संकोच वाटण्याचें कारण नसतें. खेड्यांत जेथें खासगी शिकवणी नाहीं, तेथें हा लाभ लहान नव्हे. मात्र ह्या गुणांतच एक भुलावण आहे, ती एका उदाहरणानें दाखवितों.

१२० मीटर लांबीची आगगाडी ताशीं ५४ किलोमीटर वेगानें जात असतां १८० मीटर लांबीचा पूल किती सेकंदांत ओलांडील ? पर्याय आहेत ८, १२, २० आणि २४. पडद्यावरील शिक्षक झरझर सांगतात : ५४ ला ५ नें गुणा, १८ नें भागा, वेग सेकंदाला १५ मीटर आला. गाडी व पूल मिळून ३०० मीटर, त्यांस १५ नें भागा, उत्तर २०. ऐकतांना सारें सरळ वाटतें. आतां पडदा बंद करून मुलाच्या हातीं पेन्सिल द्या. त्यानें गाडीचीच लांबी धरली तर ८ येतात, पुलाचीच धरली तर १२. आणि हीं दोन्हीं उत्तरें पर्यायांत हजर! मुलें कोठें घसरतील हें ओळखूनच चतुर परीक्षक पर्याय मांडीत असतो. तेव्हां आपलें उत्तर पर्यायांत सांपडलें, एवढ्यानें तें बरोबर ठरत नाहीं.

इंजिन पुलावर शिरल्यापासून शेवटचा डबा बाहेर पडेपर्यंत गाडीला पूल आणि आपली स्वतःची लांबी, दोन्हीं काटावीं लागतात, हें चित्र मनांत उभें राहिलें तर ३०० आपोआप सुचतात. तसेंच ५ व १८ ह्या आंकड्यांचें. किलोमीटराचे मीटर १०००, तासाचे सेकंद ३६०० ; १००० भागिले ३६०० म्हणजेच ५ भागिले १८. हें कारण ज्यास कळलें, त्यास कोणत्या आंकड्यानें गुणावें आणि कोणत्यानें भागावें ह्याचा घोटाळा होत नाहीं.

म्हणून चित्रफीत पाहण्याची रीत सांगतों. गणित वाचून होतांच ती थांबवावी, आणि कागदावर पांच मिनिटें स्वतः झटावें. मग पुढें चालवून आपली वाट नेमकी कोठें फुटली तेथें खूण करावी. दुसऱ्या दिवशीं तेंच गणित थोडें पालटून, न पाहतां सोडवावें. पुलाच्या जागीं नुसता खांब ठेवला, तर कालचें चुकीचें ८ हेंच आज बरोबर उत्तर होतें ! एवढें साधल्यावरच घड्याळ समोर ठेवावें. समजुतीच्या आधीं वेग आणूं नये. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकांतील ‘लीलावती’ ग्रंथांतही आधीं रीत सांगून मग शिकणाऱ्यालाच उदाहरण घातलें आहे.

पालकांना गणित येत नसलें तरी अडत नाहीं. संध्याकाळीं मुलाला एवढेंच म्हणावें, ‘आजचें एक गणित मला समजावून सांग.’ जेथें तें अडखळेल, तेथें उद्यांचा अभ्यास सुरू होतो. इतकें सांगून आपली रजा घेतों.