हातोडा पडण्याआधी यादी हवी

लालबाग-परळच्या गल्ल्यांत पावसाळा तोंडावर आला की जुन्या गाळ्यांच्या छपरांवर माणसे चढलेली दिसतात. गंजलेले जे-बोल्ट सुटत नाहीत. मग बिगारी हातोड्याने सिमेंटचा पत्राच फोडतो आणि तुकडे खाली भिरकावतो. असा एखादा तुकडा हात न लावता नीट पाहावा. त्याची तुटलेली कड कौलासारखी साफ नसते. फाटलेल्या गोणपाटातून सुतळीचे धागे निघावेत, तसे बारीक पांढुरके तंतू तिच्यातून डोकावतात. हा ॲस्बेस्टॉस. डोळ्यांना दिसतात ती तंतूंची जुडगी. धोका असतो तो त्यांतून सुटणाऱ्या, न दिसणाऱ्या तंतूंचा.

ॲस्बेस्टॉस खडकात सापडतो. सहा तंतुमय सिलिकेट खनिजांचे हे सामाईक नाव आहे. छपराच्या पत्र्यांत वापरतात तो क्रायसोटाइल, म्हणजे पांढरा ॲस्बेस्टॉस. पत्र्यात तो साधारण दहा टक्के असतो, बाकी मुख्यतः सिमेंट. तो जळत नाही, कुजत नाही, उष्णता अडवतो आणि स्वस्त पडतो. शाळेच्या प्रयोगशाळेत बर्नरवर ठेवायची तारेची जाळी आणि तिच्या मधोमध असलेला पांढरा गोल अनेकांना आठवत असेल. पूर्वी तो गोल ॲस्बेस्टॉसचाच असे.

ज्या टिकाऊपणामुळे तो बांधकामात लाडका झाला, तोच फुप्फुसात घातक ठरतो. श्वासाबरोबर आत गेलेली धूळ गिळून साफ करण्याचे काम मॅक्रोफेज नावाच्या पेशी करतात. पण तंतू पेशीपेक्षा लांब असला तर ती त्याला पुरती गिळू शकत नाही. ती मरते, तिच्यातली दाहक रसायने बाहेर सांडतात आणि तंतू तिथेच राहतो. दुसरी पेशी येते, तिचेही तेच होते. वर्षानुवर्षे चाललेल्या या झटापटीत फुप्फुसावर व्रण पडून ते ताठर होते. हा ॲस्बेस्टॉसिस. याच तंतूंमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमाही. धूम्रपानाची जोड मिळाली तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. श्वासात तंतू जाणे आणि आजार दिसणे यांत बहुधा 20 ते 40 वर्षे जातात. कामाच्या ठिकाणी श्वासात गेलेल्या या धुळीमुळे जगात दरवर्षी 2 लाखांहून अधिक माणसे मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

कुठे दडलेला असतो?

गिरगावातल्या जुन्या चाळी सागवानी खांबांच्या आणि कौलांच्या. मूळ बांधकामात ॲस्बेस्टॉस क्वचितच. पण पुढे वाढवलेली मोरी, गच्चीवरची शेड, दुकानामागचे गोदाम यांवर सिमेंटचे पत्रे आले. गिरणगावाची गोष्ट आणखी वेगळी. गिरण्या वाफेवर चालत, आणि बॉयलर व वाफेचे नळ ॲस्बेस्टॉसच्या लेपाने किंवा दोरखंडाने गुंडाळण्याची त्या काळी जगभर पद्धत होती. हा लेप पत्र्यापेक्षा ठिसूळ असतो, बोटाने चुरगळतो, म्हणून जास्त धोक्याचा. 1982 च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि त्या जागांवर कार्यालये, मॉल, उपाहारगृहे उभी राहिली. दादर-परळमधल्या जुन्या व्यावसायिक इमारतींत पावसाच्या पाण्याचे पाइप, छताचे बोर्ड, विजेच्या पॅनेलमधली पाटी, पाइपांच्या जोडांतली गॅस्केट, लिफ्टच्या ब्रेकचे लायनिंग, अशा अनेक ठिकाणी हा पदार्थ असू शकतो.

मात्र डोक्यावर अखंड पत्रा आहे म्हणून आज घाबरून जायचे कारण नाही. सिमेंटने तंतू धरून ठेवलेले असतात. पावसाने झिजलेला, शेवाळलेला पत्रा घासला, त्याला ड्रिल मारले, तो कापला किंवा फोडला की ते सुटतात. म्हणूनच पुनर्विकासाच्या या लाटेत सगळे अवलंबून आहे ते पाडकामाच्या पद्धतीवर.

सर्व्हे म्हणजे काय?

ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर 1999 मध्ये पूर्ण बंदी आली, तरी आधीच्या इमारतींत तो आहेच. त्यामुळे तिथे व्यावसायिक इमारतीत ॲस्बेस्टॉस कुठे आहे, याची नोंद ठेवणे जबाबदार व्यक्तीला कायद्याने भाग आहे. त्यासाठी होणारे सर्व्हे दोन प्रकारचे. एक रोजच्या वापरातल्या इमारतीचा. दुसरा मोठ्या दुरुस्तीआधीचा किंवा पाडण्याआधीचा. या दुसऱ्यात भिंती, छत उघडूनही पाहतात. संशयित जागा ओलसर करून नखाएवढा तुकडा काढतात, पिशवीत सीलबंद करतात, जागा नकाशावर नोंदवतात. प्रयोगशाळेत त्या तुकड्यातला तंतू विशिष्ट तेलाच्या थेंबात ठेवून ध्रुवीकृत प्रकाशात पाहिला की क्रायसोटाइल आपले ठरलेले रंग दाखवतो. काचेचा तंतू त्याच प्रकाशात काळोखात विरून जातो. हवेची तपासणी वेगळी: ठरावीक हवा गाळणीतून ओढायची आणि गाळणीवरचे 5 मायक्रॉनपेक्षा लांब तंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे.

आपल्याकडे ही कल्पना अगदीच परकी नाही. रे रोडजवळच्या दारूखान्यात जहाजे तोडण्याचा धंदा जुना. जुनी विमानवाहू नौका 'विक्रांत' 2014 मध्ये तिथेच तोडायला घेतली. 2006 साली तोडण्यासाठी गुजरातमधल्या अलंगकडे निघालेली फ्रेंच युद्धनौका 'क्लेमांसो' तिच्यावरच्या ॲस्बेस्टॉसच्या वादामुळे माघारी बोलवावी लागली. पुढे 2019 च्या जहाज पुनर्चक्रण कायद्याने जहाजावरच्या घातक पदार्थांची यादी आवश्यक ठरवली. जहाज तोडण्याआधी यादी लागते, तर लालबागमधली शेड तोडण्याआधी का नको?

यादीबरोबर पद्धतही बदलायला हवी. पत्रा आधी भिजवायचा, बोल्ट कापून तो अखंड उतरवायचा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा. कोरडा झाडू मारायचा नाही. तोंडावरचा रुमाल हे तंतू अडवत नाही; योग्य श्वसनमास्क लागतो. हा कचरा साध्या राडारोड्यात मिसळायचा नाही. पुनर्विकासाच्या करारात आणि दुरुस्तीच्या टेंडरमध्ये सोसायटीने, दुकानदारांनी एवढ्या अटी लिहून घ्याव्यात.

कारण नंतर पुरावा उरत नाही. डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतल्या ॲस्बेस्टॉस वापरणाऱ्या एका कारखान्यातले 181 कामगार तपासले. त्यांचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 22 टक्के कामगारांना ॲस्बेस्टॉसिस होता. अशा कामगारांच्या आजारावर क्षय किंवा जुनाट ब्राँकायटिसचा शिक्का बसतो, हेही त्यांनी नोंदवले. कारखान्याच्या कामगाराची निदान हजेरी तरी असते. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच ॲस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान 40 वर्षे जपायला सांगितले. नाक्यावरून उचललेला बिगारी मात्र चार दिवस एका छपरावर असतो, पाचव्या दिवशी दुसऱ्या. आज तो बावीस वर्षांचा असेल, तर त्याला धाप लागेल तेव्हा 2060 उजाडले असेल. त्या जागी टॉवर उभा असेल, पत्रे कुणाच्या आठवणीत नसतील, आणि डॉक्टरांनी विचारले, 'काम काय करत होतात?' तर त्याच्या हाती दाखवायला एक कागदही नसेल. तो कागद आज, पहिला घाव घालण्याआधी, तयार करता येतो.